मालकीचा इतिहास वाचकालाही सांगा
मुंबईतील दैनिकांचे मालक, संचालक आणि विश्वस्त यांना खुले पत्र

स. न. वि. वि.

मी मुंबईतला एक वाचक आहे. रोजचा अंक पहिल्या पानापासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचायची सवय आहे आणि जुन्या फायली चाळण्याचा नाद आहे. हे पत्र एका मागणीसाठी लिहितो आहे. तुमचं दैनिक आज कोणाच्या मालकीचं आहे आणि सुरू झाल्यापासून ते कोणाकोणाच्या हातांतून गेलं, हे त्याच दैनिकात, सहज दिसेल अशा जागी आणि कायम, वाचायला मिळालं पाहिजे.

आज काय मिळतं ते आधी सांगतो. शेवटच्या पानाच्या तळाशी बारीक टाइपात दोन-तीन ओळी असतात. अमुक कंपनीसाठी अमुक यांनी अमुक ठिकाणी छापून प्रसिद्ध केले, संपादक अमुक, बातम्यांच्या निवडीची कायदेशीर जबाबदारी त्यांची. या ओळींतून मुद्रक कळतो, प्रकाशक कळतो, छापखान्याचा पत्ता कळतो. मालक म्हणून कळतं ते कंपनीचं नाव. १९५६च्या नियमांनी आणखी एक सोय केली होती. फेब्रुवारी संपल्यानंतरच्या पहिल्या अंकात ‘फॉर्म ४’ नावाचं निवेदन छापायचं आणि त्यात एक टक्क्याहून जास्त भांडवल असलेल्या भागधारकांची नावं-पत्ते द्यायचे. हे निवेदन मी शोधून वाचत आलो आहे. मोठ्या दैनिकांच्या बाबतीत त्या यादीत माणसांपेक्षा कंपन्याच जास्त भेटतात. त्या कंपन्यांमागे कोण आहे, त्यांचे बाकीचे धंदे कोणते, हे त्या चौकटीतून समजत नाही. नियम पाळला जातो आणि वाचक होता तिथेच राहतो.

मालकी ही केवळ हिशेबनिसाची बाब असती तर मी इतकं लिहिलं नसतं. पण मुंबईच्या वृत्तपत्रांचा इतिहास तसा नाही. तुमच्यातल्या सर्वांत मोठ्या दैनिकाचंच उदाहरण घेतो, कारण त्याच्या मालकीची कहाणी या शहराच्या दोन शतकांतून आरपार जाते.

३ नोव्हेंबर १८३८ रोजी ‘बॉम्बे टाइम्स अँड जर्नल ऑफ कॉमर्स’ निघालं. आठवड्यातून दोनदा येणारं, व्यापारी मंडळींनी व्यापाऱ्यांसाठी काढलेलं ते पत्र. १८५०मध्ये ते दैनिक झालं. डॉ. जॉर्ज बुइस्ट हे स्कॉटिश गृहस्थ १८३९पासून त्याचे संपादक होते. विद्वान माणूस, भूगर्भशास्त्रापासून हवामानापर्यंत सगळ्यात गती. पण १८५७च्या उठावाच्या दिवसांत त्यांची लेखणी हिंदी लोकांविरुद्ध इतकी जहाल चालली की पत्राच्या भागधारकांना ते सहन झालं नाही. या भागधारकांत तोवर हिंदी मंडळींचा वाटा मोठा होता. त्यांनी संपादकाला सूर बदलायला सांगितलं, संपादकांनी नकार दिला आणि भागधारकांनी त्यांना दूर केलं. त्यांच्या जागी आले रॉबर्ट नाइट. पुढे नाइट यांनी हिंदी भागधारकांचे हिस्से विकत घेतले, शहरातली इतर पत्रं त्यात विलीन केली आणि १८६१मध्ये ‘टाइम्स ऑफ इंडिया’ हे नाव दिलं. हेच नाइट नंतर कलकत्त्याला गेले आणि १८७५मध्ये त्यांनी ‘स्टेट्समन’ उभं केलं.

मला हा प्रसंग फार महत्त्वाचा वाटतो. मालकाने संपादकाच्या कामात हात घालू नये, असं आपण सगळेच म्हणतो, आणि बहुतेक वेळा ते बरोबर आहे. पण १८५७मध्ये मालकांनी हात घातला तो संपादक द्वेष पेरत होता म्हणून. त्या भागधारकांमध्ये मुंबईचे लोक नसते, सगळे विलायतेतले असते, तर बुइस्ट राहिले असते असं माझं मत आहे. त्या वर्षीच्या अंकांचा सूर कुठे का बदलला, हे नुसते अंक वाचून कळणार नाही. भागधारकांची यादी शेजारी ठेवावी लागेल.

पुढे १८९२मध्ये थॉमस बेनेट संपादक म्हणून आले आणि फ्रँक मॉरिस कोलमन यांच्या भागीदारीत त्यांनी पत्र ताब्यात घेतलं. बेनेट, कोलमन आणि कंपनी हे नाव तेव्हापासूनचं. बेनेट पुढे इंग्लंडला परतून पार्लमेंटचे सदस्य झाले. त्या दोघांचा या पत्राशी असलेला संबंध संपून किती पिढ्या लोटल्या! तरीही बोरीबंदरसमोरच्या त्या इमारतीतून निघणाऱ्या अंकांवर कंपनी म्हणून आजही त्यांचीच नावं आहेत. कायद्याच्या दृष्टीने यात काहीच गैर नाही. पण नव्या वाचकाने तळची ओळ वाचली तर त्याच्या हाती दोन इंग्रज माणसांची आडनावं लागतात.

१९४६मध्ये, स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर, ही कंपनी रामकृष्ण दालमिया यांनी विकत घेतली. इंग्रजांचं म्हणून ओळखलं जाणारं पत्र हिंदी उद्योगपतीच्या हाती आलं, याचं त्या काळी अनेकांना अप्रूप वाटलं असणार. दालमियांच्या उद्योगसमूहात बँक होती, विमा कंपनी होती, सिमेंट आणि साखर होती. दहा वर्षांच्या आत चित्र पालटलं. डिसेंबर १९५५मध्ये फिरोज गांधींनी लोकसभेत विमा कंपन्यांच्या कारभाराचा प्रश्न उपस्थित केला. भारत इन्शुरन्स कंपनीच्या पैशांच्या अपहाराबद्दल दालमियांवर खटला झाला, शिक्षा झाली आणि १९६२मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोषसिद्धी कायम केली. दालमिया-जैन समूहातल्या कंपन्यांच्या चौकशीसाठी न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांचा आयोग नेमला गेला. याच वादळात वृत्तपत्राची मालकी दालमियांकडून त्यांचे जावई साहू शांतिप्रसाद जैन यांच्याकडे गेली.

हे सगळं सार्वजनिक दप्तरात आहे. संसदेच्या कामकाजात आहे, न्यायालयाच्या निकालात आहे. मी कोणाची उणीदुणी काढायला ते सांगत नाही. याच शांतिप्रसाद जैन यांनी पत्नी रमा जैन यांच्यासह भारतीय ज्ञानपीठ उभं केलं. वि. स. खांडेकर, कुसुमाग्रज, विंदा करंदीकर आणि भालचंद्र नेमाडे यांना मिळालेला ज्ञानपीठ पुरस्कार या कुटुंबाच्या दातृत्वातून सुरू झालेला आहे. त्यांच्याच काळात, १८ जून १९६२ रोजी, ‘महाराष्ट्र टाइम्स’ निघाला. संयुक्त महाराष्ट्राला दोन वर्षं झाली होती आणि मराठी मध्यमवर्गाला द्वा. भ. कर्णिकांच्या संपादनाखाली हे नवं दैनिक मिळालं. हे दोन्ही एकाच घराण्याच्या खात्यात आहे, आणि वाचकाला दोन्ही माहीत असावं.

आता १९६९कडे येतो. हा भाग मी थोडा सविस्तर सांगणार आहे, कारण ‘मटा’च्या अनेक जुन्या वाचकांशी बोलताना मला दिसलं की तो कोणाला फारसा ठाऊक नाही. ऑगस्ट १९६९मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने कंपनीचं संचालक मंडळ बाजूला केलं आणि नवं मंडळ नेमायचा आदेश दिला. केंद्र सरकारने कंपनीच्या कारभाराविरुद्ध अर्ज केला होता. त्यानंतर जवळपास सात वर्षं या समूहाचा कारभार सरकारच्या पसंतीचं मंडळ पाहत होतं. १९७६मध्ये मालकी-व्यवस्थापन परत जैन कुटुंबाकडे, अशोक जैन यांच्याकडे, गेलं. ते वर्ष आणीबाणीचं होतं.

गोविंद तळवलकर १९६८मध्ये ‘महाराष्ट्र टाइम्स’चे संपादक झाले आणि १९९६पर्यंत त्या खुर्चीत होते. म्हणजे त्यांच्या कारकिर्दीची सुरुवात जैन कुटुंबाच्या मालकीत झाली, पाठोपाठ न्यायालयाच्या आदेशाने आलेलं मंडळ आलं आणि आणीबाणीच्या ऐन मध्यावर जुने मालक परतले. तळवलकरांच्या अग्रलेखांवर एक पिढी वाढली. मीही त्यातलाच. त्या अग्रलेखांची किंमत या माहितीने कमी होत नाही. उलट कोणत्या परिस्थितीत एखादा संपादक आपलं काम नेटाने करत राहिला, हे समजल्याने ती वाढते. १९७१, १९७५, १९७६ सालांची फाइल उघडताना वाचकाला हे माहीत असेल तर तो प्रत्येक ओळ वेगळ्या जाणिवेने वाचेल. ज्या वाचकांनी तो अंक त्या दिवशी सकाळी हातात घेतला होता, त्यांना हे रोजच्या अंकातून कळण्याची सोय नव्हती.

हे एकाच दैनिकाबद्दल झालं. पण फोर्टमध्ये फेरी मारली तर प्रत्येक वळणावर अशीच एक कहाणी आहे. हॉर्निमन सर्कलजवळच्या लाल इमारतीतून ‘मुंबई समाचार’ निघतो. १ जुलै १८२२ रोजी फरदूनजी मर्झबान यांनी सुरू केलेलं आणि आशियातलं आजही चालू असलेलं सर्वांत जुनं वृत्तपत्र ते. १९३३पासून ते कामा कुटुंबाकडे आहे. ते सर्कल ज्यांच्या नावाने आहे ते बी. जी. हॉर्निमन म्हणजे ‘बॉम्बे क्रॉनिकल’चे संपादक. सर फिरोजशहा मेहतांनी १९१३मध्ये ‘क्रॉनिकल’ काढलं ते बोरीबंदरच्या इंग्रजी पत्राला हिंदी बाजूने उत्तर असावं म्हणून. एप्रिल १९१९मध्ये सरकारने हॉर्निमन यांना हद्दपार केलं. एक इंग्रज माणूस हिंदी मालकीच्या पत्रात हिंदुस्थानची बाजू मांडतो म्हणून इंग्रज सरकार त्याला बोटीत बसवतं! मालक कोण, याचा असा थेट परिणाम या शहराने पाहिला आहे.

१९२३मध्ये कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांनी ‘नवाकाळ’ काढला. नाटककार, टिळकांच्या तालमीतला पत्रकार, स्वतः मालक आणि स्वतः संपादक. तिथे वाचकाला विचारावं लागत नव्हतं. एस. सदानंद यांनी ‘फ्री प्रेस जर्नल’ उभं केलं, जामिनाची रक्कम जप्त होण्याचे प्रसंग सोसत ते चालवलं. रामनाथ गोएंकांच्या एक्स्प्रेस समूहातून १४ जानेवारी १९४८ रोजी ‘लोकसत्ता’ निघाली. गोएंका १९९१मध्ये गेले आणि त्यानंतर कुटुंबात समूहाची वाटणी झाली. दक्षिणेकडच्या आवृत्त्या एका शाखेकडे आणि मुंबई-दिल्लीकडच्या दुसरीकडे. ‘लोकसत्ता’ मुंबईच्या शाखेत राहिली. आणि आचार्य अत्र्यांचा ‘मराठा’! १५ नोव्हेंबर १९५६ला तो निघाला, कारण मुंबई महाराष्ट्राला मिळावी म्हणून रस्त्यावर उतरलेल्या माणसांना भांडवलदारांच्या हातातली पत्रं आपली वाटत नव्हती. ‘मराठा’ घेणाऱ्या गिरणी कामगाराला त्याचा मालक-संपादक कोण, कोणत्या बाजूचा, हे पुरतं माहीत होतं. अत्रे गेल्यावर ‘मराठा’ फार टिकला नाही. व्यक्तीच्या मालकीची ती मर्यादा आहे आणि तीही आपण पाहिली.

पक्षाच्या पत्रांबद्दलही मला हेच म्हणायचं आहे. १९८८पासून निघणाऱ्या ‘सामना’च्या वाचकाला तो कोणाचा हे पहिल्या पानावरच कळतं. त्यातलं मत पटो न पटो, ते कुठून येतं याबद्दल फसगत होत नाही. निष्पक्ष म्हणवणाऱ्या दैनिकाच्या वाचकाला तेवढीही माहिती असू नये, हे मला उलटं वाटतं.

तुम्ही म्हणाल, हा आमचा खाजगी व्यवसाय आहे. भागधारकांची माहिती कंपनी निबंधकाकडे आहे, हवी त्याने शुल्क भरून पाहावी. या मुद्द्याला मी तुमच्याच विजयांची आठवण करून देतो. पुण्याच्या ‘सकाळ’ने सरकारच्या पान-किंमत आदेशाला आव्हान दिलं होतं. न्यायमूर्ती ग. स. राजाध्यक्ष यांच्या अध्यक्षतेखालच्या पहिल्या वृत्तपत्र आयोगाने १९५४च्या अहवालात, बड्या भांडवलाच्या पत्रांनी छोट्यांना गिळू नये म्हणून, पानांच्या संख्येनुसार किंमत ठरवावी असं सुचवलं होतं. त्यावर १९५६चा कायदा आणि १९६०चा आदेश आला. ‘सकाळ’ ७ नव्या पैशांत आठवड्याला ३४ पानं देत होता. आदेशाप्रमाणे त्या किमतीत २४च देता आली असती. सर्वोच्च न्यायालयात कंपनीबरोबर ‘सकाळ’च्या दोन वाचकांच्याही याचिका होत्या. १९६१मध्ये न्यायालयाने कायदा आणि आदेश दोन्ही रद्द केले. न्यायमूर्ती मुधोळकरांनी लिहिलेला तो निकाल आजही वृत्तपत्रस्वातंत्र्याच्या प्रत्येक खटल्यात उद्धृत होतो.

१९७२मध्ये बेनेट, कोलमन कंपनीने कागदाच्या कोट्याविरुद्धची लढाई जिंकली. सरकारने दैनिकांच्या पानांवर दहाची मर्यादा घातली होती, ती न्यायालयाने फेटाळली. हा निकाल लागला तेव्हा कंपनीवर न्यायालयाच्या आदेशाने आलेलं मंडळ होतं, हे मला उल्लेखनीय वाटतं. १९८४च्या अखेरीस एक्स्प्रेस समूहाच्या खटल्यात कागदावरच्या आयात शुल्काचा प्रश्न आला. या सगळ्या खटल्यांत तुमच्या वकिलांनी मांडलेला गाभा एकच होता. वृत्तपत्रावर बंधन आलं की ते केवळ मालकाच्या धंद्यावर येत नाही, वाचकाच्या जाणून घेण्याच्या हक्कावर येतं. न्यायालयाने ते मान्य केलं आणि मलाही ते मनापासून मान्य आहे. म्हणूनच विचारतो. वाचकाच्या हक्काच्या नावाने जे स्वातंत्र्य मिळवलं, त्या स्वातंत्र्याचा वापर कोण करतो आहे हे त्याच वाचकाने शुल्क भरून सरकारी कचेरीत का शोधावं?

दुसरा आक्षेप मी अनेकदा ऐकला आहे की वाचकाला यात रसच नाही. त्याला बातमी हवी, क्रिकेट हवं, भविष्य हवं. हे खरं असतं तर तुम्ही वर्धापनदिनाच्या पुरवण्या काढल्या नसत्या. त्यांत जुनी पहिली पानं छापता, गाजलेल्या बातम्या छापता, व्यंगचित्रकारांच्या आठवणी छापता आणि आम्ही त्या जपून ठेवतो. त्या पुरवण्यांत संपादकांची परंपरा सविस्तर येते. मालकांची परंपरा आली तर संस्थापकांपुरती, आदरांजलीच्या स्वरात. विक्री, वाटणी, कर्ज, खटले, बंद पडलेल्या आवृत्त्या, संप, टाळेबंदी यांचा त्यात मागमूस नसतो. या घटनांमुळेच अनेकदा संपादक बदलले, पानं वाढली-घटली, आवृत्त्या निघाल्या. त्या गाळून उरतो तो इतिहास अपुरा आहे.

गेल्या वीस-पंचवीस वर्षांत हा प्रश्न आणखी गुंतागुंतीचा झाला आहे. अंकाची किंमत कागदाचा खर्चही भागवत नाही, हे तुम्हीच सांगत आलात. म्हणजे वाचक जे देतो त्यावर पत्र चालत नाही, जाहिरातदार जे देतो त्यावर चालतं. २००३च्या सुमारास टाइम्स समूहाने पैसे घेऊन पुरवणीत मजकूर देण्याची ‘मीडियानेट’ नावाची योजना आणली. त्यानंतर दोनेक वर्षांत ‘प्रायव्हेट ट्रीटीज’ आल्या. जाहिरातीच्या बदल्यात कंपन्यांचे समभाग घ्यायचे. म्हणजे वृत्तपत्राचा मालक ज्या कंपन्यांच्या बातम्या छापायच्या त्यांचाही भागधारक झाला. इतर समूहांनीही हा मार्ग धरला. शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीने याची दखल घेतली, प्रेस कौन्सिलला कळवलं आणि २०१०मध्ये ठरलं की अशा कंपनीची बातमी छापताना त्यातला आपला हिस्सा वाचकाला सांगावा. किती बातम्यांखाली तुम्ही असा खुलासा पाहिला आहे? मी शोधत असतो. मला तो दिसणं ही दुर्मीळ गोष्ट आहे.

२००९च्या निवडणुकांनंतर महाराष्ट्रात पैसे घेऊन छापलेल्या बातम्यांचा विषय देशभर गाजला. एकाच उमेदवाराचं कौतुक वेगवेगळ्या दैनिकांत जवळपास शब्दाला शब्द छापून आलं होतं. ते आम्ही मराठी वाचकांनी आमच्याच घरी येणाऱ्या अंकांत वाचलं होतं. त्या मजकुराला बातमी समजून वाचणाऱ्या माणसाचा जो विश्वास गेला, तो परत मिळवणं सोपं नाही. बातमीदारांवर याचा दोष टाकणं मला अन्यायाचं वाटतं. असे निर्णय बातमीदाराच्या टेबलावर होत नाहीत.

सरकारने कायदा करावा अशी माझी मागणी नाही, हे स्पष्ट करतो. १९८२च्या दुसऱ्या वृत्तपत्र आयोगाने वृत्तपत्रं आणि बडे उद्योग वेगळे करावेत असं सुचवलं. २०१४मध्ये दूरसंचार नियामक प्राधिकरणाने माध्यमांच्या मालकीबद्दल शिफारशी केल्या. त्यांतून कायदा झाला नाही. १८६७चा जुना कायदा जाऊन मार्च २०२४पासून नवा कायदा आला, तो मुख्यतः नोंदणीचा आहे. मालकीवर सरकारी नियंत्रण आलं तर काय होतं, हे १९६९ ते १९७६ या काळाने दाखवलेलं आहे आणि ते पुन्हा व्हावं असं कोणत्याच वाचकाला वाटणार नाही. म्हणून हे पत्र सरकारला न लिहिता तुम्हाला लिहितो आहे. तुम्ही हे आपणहून केलंत तर बाहेरून कोणी सांगण्याचं कारण उरत नाही.

करायचं काय, तेही सांगतो. तळच्या बारीक ओळींऐवजी संपादकीय पानावर एक लहान, वाचता येईल अशी चौकट असावी. तिच्यात कंपनीचं नाव, त्या कंपनीमागची कंपनी आणि शेवटी ज्यांच्या हातात निर्णय आहे त्या माणसांची नावं असावीत. मालक बांधकामात, शिक्षणसंस्थांत, साखरेत, विजेत किंवा राजकारणात असेल तर तेही लिहावं. मुंबईतल्या जमिनीच्या बातम्या आपण रोज छापता. पुनर्विकासाची बातमी छापणाऱ्या दैनिकाच्या मालकाचा बांधकाम व्यवसाय असेल तर त्या बातमीखाली एका ओळीत तसं सांगायला काय हरकत आहे? बातमी त्याने खोटी ठरत नाही. ती सांगणारा प्रामाणिक ठरतो.

जुने अंकही खुले करा. ‘टाइम्स ऑफ इंडिया’चे १८३८पासूनचे अंक एका परदेशी कंपनीच्या संगणकीय संग्रहात आहेत. ज्या विद्यापीठांनी वर्गणी भरली आहे तिथल्या अभ्यासकांना ते शब्द टाकून शोधता येतात. मराठी दैनिकांच्या जुन्या अंकांसाठी माझ्यासारख्या माणसाला ग्रंथालयातल्या बांधीव फायलींकडे जावं लागतं आणि त्यांची पानं दुमडीवर तुटतात. साठ-सत्तर वर्षांपूर्वीच्या वृत्तपत्री कागदाला तेवढंच आयुष्य असतं. दादरच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयासारख्या संस्था आपल्या परीने जपणूक करतात, पण हे काम त्यांच्या एकट्याच्या ताकदीचं नाही. या अंकांचे हक्क तुमच्याकडे आहेत. मुंबईत जी दैनिकं बंद पडली त्यांच्या फायली कुठल्या गोदामात आहेत, हेही तुमच्यातल्या काहींना माहीत असणार. ‘मराठा’ची संयुक्त महाराष्ट्राच्या काळातली पानं शाळेतल्या मुलाला मोबाइलवर वाचता आली पाहिजेत.

हे सगळं एका दिवसात होणार नाही, हे मला कळतं. संचालक मंडळाची संमती लागेल, वकिलांचा सल्ला लागेल, कुटुंबातल्या ज्येष्ठांना काही प्रकरणं पुन्हा छापलेली आवडणार नाहीत. म्हणून सुरुवातीला प्रत्येकाने एकच पान द्यावं. येत्या वर्धापनदिनाच्या पुरवणीत आपल्या दैनिकाच्या मालकीचा इतिहास छापावा. कोणी काढलं, कोणी कोणाला आणि कशासाठी विकलं, केव्हा न्यायालयात गेलं, केव्हा बंद पडता पडता वाचलं आणि आज कोणाचं आहे, एवढं त्यात असावं. ते लिहायला आपल्या कंपनीबाहेरच्या इतिहासाच्या अभ्यासकाला सांगावं आणि त्याला दप्तर पाहू द्यावं. ‘लोकसत्ता’चा वर्धापनदिन १४ जानेवारीला असतो, ‘नवाकाळ’चा ७ मार्चला, ‘महाराष्ट्र टाइम्स’चा १८ जूनला, ‘मुंबई समाचार’चा १ जुलैला आणि ‘टाइम्स ऑफ इंडिया’चा ३ नोव्हेंबरला. बाकीच्यांचे दिवस तुम्हाला ठाऊक आहेतच. त्या त्या दिवशीचा अंक मी विकत घेईन आणि ते पान आहे का, हे आधी पाहीन.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक वाचक
मुंबई